लोकदैवतांच्या वाटेवरील गणिती : दामोदर धर्मानंद कोसंबी

आपल्या बेळगाव-निपाणीच्या मुलखात जुन्या विहिरीच्या काठाशी किंवा नदीच्या खोल डोहापाशी पुष्कळ ठिकाणी शेंदूर माखलेले सात लहान दगड एका ओळीत मांडलेले आढळतात. तेथे देऊळ नसते, पुजारी नसतो, घडीव मूर्तीही नसते. दगडांपुढे कधी हिरव्या बांगड्या असतात, कधी खणानारळाची ओटी, कधी पानावर ठेवलेला दहीभात. या सातीआसरा. पाण्यात वास करणाऱ्या या सात बहिणी एखाद्यावर प्रसन्न झाल्या तर सांभाळतात आणि रुष्ट झाल्या तर पछाडतात, अशी समजूत आहे. भर दुपारी अथवा तिन्हीसांजेला एकट्याने पाण्यावर जाऊ नये, ओल्या बाळंतिणीने तर मुळीच जाऊ नये, नव्या विहिरीला पाणी लागले की पहिला मान आसरांना द्यावा, हे नियम आजीकडून नातीकडे चालत आले आहेत. आसरा हे अप्सरांचेच लोकांच्या तोंडी घोळलेले रूप होय.

या दगडांकडे पाहण्याच्या दोन रीती आपणांस परिचित आहेत. भाविक मनुष्य हात जोडून पुढे जातो. शिकलेला मनुष्य हसून पुढे जातो. दोघेही पुढेच जातात, थांबत कोणीच नाही. ज्या एका विद्वानाने अशा दगडांपाशी थांबून, तेथे पूजा करणाऱ्या बाईला आदराने प्रश्न विचारले आणि मिळालेल्या उत्तरांतून महाराष्ट्राचा हजारो वर्षांचा विस्मृत इतिहास वाचून दाखविला, त्या कै. दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे चरित्र आम्ही विद्यार्थिमित्रांपुढे संक्षेपाने ठेवीत आहोत.

दामोदरांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसबेन येथे झाला. त्या वेळी गोव्यावर पोर्तुगीजांचे राज्य होते. पिता धर्मानंद कोसंबी हे बौद्ध धर्माचे व पाली भाषेचे थोर अभ्यासक. साखवाळसारख्या खेड्यात वाढलेल्या या पुरुषाने ज्ञानाच्या ओढीने घर सोडले आणि पुणे, काशी, नेपाळ व सिंहलद्वीप असा प्रवास करून बौद्ध वाङ्मय आत्मसात केले. अर्ध्या जगाची पायपीट करून विद्या मिळविण्याचा हा वारसा मुलाला जन्मतःच लाभला. आमच्यासारख्या कोकणी घरांत वाढलेल्या माणसांना या पितापुत्रांविषयी आपलेपणा वाटतो तो यामुळेच. गोव्याच्या तांबड्या मातीतून निघालेली ही दोन माणसे जगाच्या विद्यापीठांत जाऊन पोहोचली.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात पाली ग्रंथांच्या संपादनाचे काम करण्यासाठी धर्मानंद १९१८ साली पुन्हा त्या देशी निघाले, तेव्हा त्यांनी थोरली कन्या माणिक व अकरा वर्षांचा दामोदर यांना बरोबर नेले. दामोदरांचे शालेय शिक्षण तेथेच केंब्रिज शहरात झाले. पुढे हार्वर्डमध्ये त्यांनी गणित घेतले; परंतु त्यांची जिज्ञासा एका विषयात मावणारी नव्हती. ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन, इटालियन अशा भाषाही त्यांनी आपल्याशा केल्या. शरीर कष्टवावे, लांबलांब चालावे, डोंगर चढावे ही आवडही त्यांना त्याच वयात जडली. १९२९ साली ते अत्युच्च श्रेणीत पदवीधर झाले आणि त्याच वर्षी मायदेशी परतले.

प्रथम काशीच्या हिंदू विद्यापीठात व नंतर अलीगढ येथे त्यांनी गणित शिकविले. १९३१ साली नलिनी माडगावकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यानंतर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात सुमारे बारा वर्षे त्यांनी अध्यापन केले. १९४५ साली डॉ. होमी भाभा यांनी नव्याने स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांना पाचारण केले. राहणे पुण्यात आणि काम मुंबईत, म्हणून डेक्कन क्वीन गाडीचे ते नित्याचे प्रवासी झाले. १९४४ साली त्यांनी आनुवंशिकीच्या अभ्यासाला उपयोगी असे एक गणिती सूत्र मांडले. जनुकांमधील अंतर मोजण्याचे ते सूत्र आजही जगभर कोसंबी यांच्या नावाने ओळखले जाते.

असा हा गणिती शेंदराच्या दगडांकडे वळला कसा, असा प्रश्न वाचकांच्या मनात उभा राहील. त्याचे उत्तर मोठे बोधप्रद आहे. संख्याशास्त्राचा प्रत्यक्ष उपयोग करून पाहावा म्हणून त्यांनी प्राचीन भारतातील आहत नाणी, म्हणजे ठसे मारलेली चांदीची नाणी, तराजूत तोलण्यास आरंभ केला. नाणे हातोहात फिरते तसे झिजते; तेव्हा झीज मोजली तर नाण्याचे वय अजमावता येईल, ही त्यांची युक्ती. त्यासाठी हजारो नाणी त्यांनी स्वतः वजन केली. परंतु नाणी पाडली कोणी, हे जाणण्यासाठी प्राचीन ग्रंथांकडे जावे लागले. ग्रंथ समजण्यासाठी संस्कृतात खोल उतरावे लागले. त्यातूनच भर्तृहरीच्या सुभाषितांची अनेक हस्तलिखिते पडताळून तयार केलेली त्यांची चिकित्सक आवृत्ती १९४८ साली बाहेर आली. सुभाषिते लिहिणारा कवी कोणत्या समाजात जगत होता, हा पुढचा प्रश्न. आणि त्या समाजाविषयी पोथ्या फारसे बोलत नाहीत असे दिसल्यावर या माणसाने पोथी मिटली व पायांत जोडे घातले.

पुण्याभोवतालच्या टेकड्या, मावळातील खिंडी, कार्ले-भाजे-जुन्नरची लेणी, धनगरांचे वाडे, वडार-पारध्यांचे तळ ही त्यांची नवी ग्रंथशाळा झाली. सुट्टीच्या दिवशी ते मैलोगणती पायी हिंडत. वाटेत भेटलेला गुराखी, शेतात निंदणी करणारी बाई, देवीचा गुरव यांच्याशी त्यांच्या बोलीत बोलत, बारीकसारीक विचारून घेत. जो देश इतका प्राचीन आहे आणि ज्यात जुने काही समूळ नाहीसे होत नाही, त्याचा भूतकाळ जमिनीखाली शोधावा तसाच जमिनीवर चालत्याबोलत्या माणसांतही शोधावा, अशी त्यांची धारणा होती. नांगर, चूल, जाते, सटवीची पूजा, बारशाची रीत हे सारे त्यांच्या लेखी पुरावे होते.

या शोधाचा एक धागा नाटकातून निघाला. शूद्रकाच्या मृच्छकटिकात आरंभीच चारुदत्त आपल्या मित्राला चव्हाट्यावर जाऊन मातृदेवतांना बळी अर्पण करण्यास सांगतो. हा प्रवेश हजारोंनी वाचला असेल. कोसंबींनी मात्र साधा प्रश्न विचारला : मातांना घर सोडून चव्हाटाच का? गावाबाहेर, दोन वाटा मिळतात तेथे या देवता का बसल्या? पुस्तकात उत्तर नव्हते. मग त्यांनी पुणे जिल्ह्यातील आडरानातल्या देवींची ठाणी एकेक करून पाहिली. कोठे तुकाई, कोठे यमाई, कोठे जाखमाता; अशा कित्येक की ज्यांचे नाव त्या पंचक्रोशीबाहेर कोणी ऐकलेले नाही. बहुतेक ठाणी आजच्या वस्तीपासून दूर, जुन्या पायवाटांवर होती. आणि त्यांच्या आसपासच्या मातीत त्यांना गारगोटीच्या जातीच्या दगडांची नखाएवढी धारदार पाती सापडली. धातूचा वापर सुरू होण्यापूर्वी शिकार व पशुपालन करून फिरणाऱ्या माणसांची ती हत्यारे. लाकडात किंवा हाडात बसवून त्यांनी कातडे सोलावे, मांस कापावे, असा त्यांचा उपयोग.

आता कोडे उलगडू लागले. शेती स्थिर होण्यापूर्वी निरनिराळ्या टोळ्या ऋतुमानाप्रमाणे ठरलेल्या वाटांनी फिरत. जेथे दोन टोळ्यांच्या वाटा मिळत, तेथे देवघेव होई, समारंभ होत, आणि तेथेच त्यांची माता स्थापन होई. टोळ्या गेल्या, गावे वसली, राज्ये आली आणि बुडाली. पण माता जागची हलली नाही. तिला अर्पण करण्याची परंपरा कोणत्या ना कोणत्या रूपाने चालू राहिली. मृच्छकटिकातील चव्हाट्याचे हे उत्तर त्यांना नाटकाच्या टीकेत मिळाले नाही, मावळातील वाटांवर मिळाले. आळंदीहून पंढरीस जाणारी पालखीची वाटही अशाच एखाद्या प्राचीन संचारमार्गाला धरून असावी, असा त्यांचा तर्क होता.

सातीआसरांचा व त्यांच्या सख्या शोभतील अशा मावळायांचा त्यांनी याच दृष्टीने विचार केला. मावळाया याही अनेक; त्याही पाण्याकाठच्या, त्यांनाही घडीव रूप नाही. कार्ले येथील सातवाहनकालीन शिलालेखात त्या मुलखाचे नाव मामाल असे कोरलेले आहे. शिवरायांच्या मावळ्यांमुळे ज्याचे नाव प्रत्येक मराठी मुलाच्या ओठी आहे त्या मावळाचा आणि त्या अनाम मातांचा संबंध कोसंबींनी जोडून दाखविला. ऋग्वेदातील उर्वशी व पुरूरवा यांच्या संवादाचा त्यांनी जो अर्थ लावला, त्यातही अप्सरा ही इंद्रसभेतील नर्तकी नसून मुळात जलाशयाशी निगडित अशी मातृदेवता होय, हा विचार आहे. स्वर्गातील अप्सरा आणि विहिरीवरची आसरा यांच्यात आपण केवढे अंतर मानतो! त्यांनी ते दूर करून पाहिले.

देवतांच्या लग्नांतही त्यांना इतिहास दिसला. एके ठिकाणी देवी महिषासुराला मारते. दुसरीकडे त्याच रेड्याच्या देवाचे, म्हसोबाचे, जोगूबाईशी लग्न लागते. भाविकाला यात विसंगती दिसत नाही आणि उपहास करणाऱ्याला फक्त विसंगतीच दिसते. कोसंबींना त्यात दोन मानवसमूहांची गाठ दिसली. मातेची उपासना करणारे अन्नसंग्राहक आणि पितृदेव मानणारे पशुपालक यांच्यात प्रथम झगडा झाला, मग सोयरीक झाली. देवांच्या कथांत त्या दोन्ही घटना जपून राहिल्या.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कोसंबी श्रद्धाळू नव्हते. ते मार्क्सच्या विचारांचे आणि कट्टर बुद्धिवादी होते. आसरा माणसाला पछाडतात यावर त्यांचा यत्किंचितही विश्वास नव्हता. बकरे कापल्याने रोग हटत नाही, हे ते निःशंकपणे सांगत. परंतु समजूत खोटी असली तरी ती समजूत लोकांच्या मनात आहे ही गोष्ट खरी असते, आणि प्रत्येक खऱ्या गोष्टीला कारण असते. ते कारण शोधणे हे शास्त्रज्ञाचे काम. भोळेपणाने मान डोलावणे सोपे आहे, हेटाळणी करणे त्याहून सोपे आहे. मान राखून शंका घेणे मात्र अवघड आहे. ते अवघड काम या माणसाने जन्मभर केले.

त्यांची सर्वच मते आज मान्य आहेत असे नव्हे. पुढील संशोधकांनी काही अनुमानांना हरकत घेतली, काही ठिकाणी पुरावा अपुरा ठरविला. गणितातही एका अतिकठीण प्रमेयाची त्यांनी मांडलेली सिद्धता गणितज्ञांनी स्वीकारली नाही. स्वभाव तापट आणि जीभ तिखट, त्यामुळे मित्रांइतकेच दुखावलेलेही पुष्कळ. थोरांची चरित्रे लिहिताना असे तपशील गाळण्याची आपल्याकडे प्रथा आहे. परंतु जो स्वतः पुराव्यावाचून एक अक्षर मानीत नसे, त्याच्याविषयी अर्धेच सत्य सांगणे आम्हांस उचित वाटत नाही.

१९५६ साली भारतीय इतिहासाच्या अभ्यासाचा परिचय करून देणारा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि इतिहासलेखनाला निराळे वळण मिळाले. राजे व लढाया यांच्या जागी नांगर, धान्य, व्यापारी तांडे आणि कष्टकरी माणूस आला. १९६२ साली लोकदैवतांवरील लेखांचा संग्रह निघाला. त्याच वर्षी टाटा संस्थेतील त्यांची नोकरीही संपुष्टात आली. त्या संग्रहातील शेवटचा लेख गोव्याच्या जुन्या काबिजादीतील ग्रामसंस्थेवर आहे. जगभर हिंडलेल्या विद्वानाने अखेर आपल्या वाडवडिलांच्या गावकीचा, तेथील शेतांचा व बांधांचा हिशेब मांडला, हे आम्हांस विशेष वाटते. गोव्याच्या गावांत आजही वारुळाच्या रूपाने सांतेरी पुजली जाते आणि रात्री हातात काठी घेऊन सीमा राखणाऱ्या देवचाराची आठवण काढली जाते. ज्या भूमीत अशी दैवते घरोघरी नांदतात, तेथे जन्मलेल्याला मावळायांची भाषा उमगली, यात नवल नाही.

१९६५ साली प्राचीन भारताच्या संस्कृतीवरील त्यांचा ग्रंथ प्रकाशित झाला. पुढच्याच वर्षी, २९ जून १९६६ रोजी, पुण्यातील घरी झोपेतच त्यांचे देहावसान झाले. वयाची साठी गाठण्यापूर्वीच हा अथक पांथस्थ थांबला. २००८ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

आता आपणांकडे वळू. लोकांच्या समजुती जपून ठेवण्याजोग्या असतात हे जाणणारे देश जगात आहेत. युरोपच्या पश्चिमेस आयर्लंड नावाचे बेट आहे. तेथील शेतकरी शेतातले जुने मातीचे गोल कोट पऱ्यांचे मानून नांगराखाली घेत नसत आणि एकट्या उभ्या काटेरी झाडावर कुऱ्हाड घालण्यास भीत. वस्तुतः ते कोट हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या वस्त्यांचे अवशेष होत. पऱ्यांच्या धाकाने ते सुरक्षित राहिले. शेजारच्या मॅन बेटावर एका पुलावरून जाताना पऱ्यांना अभिवादन करण्याची रीत अद्यापि आहे. आयर्लंडमध्ये १९३५ साली लोकसाहित्य जमविण्यासाठी सरकारी मंडळ स्थापन झाले आणि त्याने १९३७ ते १९३९ या काळात हे काम कोणाकडे सोपविले असेल? प्राथमिक शाळांतील मुलांकडे! सुमारे ५,००० शाळांतील ५०,००० हून अधिक मुलांनी आपल्या आजी-आजोबांना विचारून कथा, उपाय, सण, पऱ्यांविषयीच्या समजुती वह्यांत उतरवून घेतल्या. त्या वह्या त्या राष्ट्राचा ठेवा ठरल्या आहेत. ज्यांनी सांगितले ते वृद्ध केव्हाच कालवश झाले, पण त्यांचे शब्द उरले.

आपल्या भागात सांगणारे अजून आहेत, हे आपले भाग्य. ते भाग्य फार दिवस टिकणारे नाही. नळ आले तशा विहिरी ओस पडल्या. कित्येक बुजविल्या गेल्या, त्यांच्या काठचे सात दगडही भरावात गेले. रस्ता रुंद होतो तेव्हा चव्हाट्यावरची माता हलविली जाते, किंवा तिच्यावर फरशी बसवून तिला मोठ्या देवीचे नाव दिले जाते आणि जुने नाव पुसले जाते. त्याहून मोठी हानी आम्हांस वर्गात दिसते. आजी असे काही मानते हे सांगताना मुलांना लाज वाटते. ज्या आजीकडे इतिहासाचे एक पान आहे, तिचेच नातवंड ते पान न वाचता मिटू पाहते.

आणि आपल्या जिल्ह्यात काय थोडे आहे? रायबाग तालुक्यात चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेला माघात बैलगाड्या जुंपून माणसे येतात, ती महाराष्ट्रातून येतात आणि कर्नाटकातूनही. देवीपुढे कोणी मराठीत गाऱ्हाणे घालतो, कोणी कानडीत. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावरही तेच. भाद्रपदात कानडी आयाबाया टोपलीत मातीचा जोकुमार घेऊन दारोदार गाणी म्हणत फिरतात, पावसापाण्याचे दान मागतात. नकाशावरील रेषा कोठूनही जावो, या देवता तिच्या कितीतरी आधीपासून आपल्या वाटांवर बसलेल्या आहेत. मराठी मुलाने शेजारच्या कानडी आजीला आणि कानडी मुलाने मराठी आजीला विचारले, तरच ही कथा पुरी होईल.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, या सुट्टीत एक वही करा. गावातील जुन्या विहिरी, डोह, तिठे, पार पाहा. तेथील देवाचे नाव गावकरी घेतात तसेच लिहा. शुद्ध करू नका. पूजा कोण करते, कोणत्या दिवशी, काय वाहते, काय वर्ज्य मानते, हे विचारा. सांगणाऱ्याचे वय व गाव नोंदवा. दगड जागचा हलवू नका. ऐकलेले खरे मानण्याची सक्ती तुम्हांवर नाही. पण ऐकताना हसू मात्र नका. प्रश्न विचारण्यास भिऊ नका आणि उत्तर देणाऱ्याला कमी लेखू नका, हे दोन धडे ज्याने गिरविले त्याने कोसंबींच्या शाळेत नाव घातले असे आम्ही समजू.

पोथीचा मान मोठा खरा. परंतु पोथी न वाचलेल्या माणसाच्या स्मरणात जो इतिहास असतो तोही तितकाच मानाचा, हे आपणांस शिकविणाऱ्या त्या गोमंतकीय ज्ञानोपासकाच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन असो.